वातुलावांगचा चढ, डबलसीट

जावा बेटावरील सुम्बिंग पर्वताच्या उतारावर वातुलावांग नावाचे एक गाव वसलेले असून, त्या गावात शिरण्यापूर्वी एक चढ लागतो. चढ लांबीने मोठा नाही. एखादा मनुष्य लवंगेची सिगारेट पेटवून पायी निघाला, तर ती विझण्याच्या आत तो वर पोहोचेल. परंतु याच चढाने पाक प्रस्तोवो यांच्या प्रतिष्ठेची सलग सहा वर्षे जी धूळधाण केली होती, तिचे वर्णन करताना लेखणीदेखील क्षणभर अडखळते.

प्रस्तोवो हे मागेलांग शहरातील एका प्रभाग कार्यालयात वरिष्ठ लिपिक होते. तिकडे वडीलधाऱ्या पुरुषास आदराने 'पाक', बरोबरीच्या वा धाकट्यास 'मास' आणि बाईस 'बू' म्हणतात. आवक-जावक त्यांच्याकडे, शिक्का त्यांच्या खणात, आणि खणाची किल्ली त्यांच्या कमरेला. अशा मनुष्याने दर वर्षी ईदच्या दुसऱ्या दिवशी सासुरवाडीस निघावे, आणि चढ आला की मागे बसलेल्या धर्मपत्नीस "लास्त्री, जरा उतरतेस का?" असे विचारावे, हे त्या पदाला शोभणारे नव्हते. लास्त्रीबाई उतरत. प्रस्तोवो एकटे, पहिल्या गिअरमध्ये, कण्हणाऱ्या गाडीवर बसून वर जात; आणि पत्नी मागून पायी येत असे. चढाच्या पायथ्याशी बांबूची एक चौकी आहे. तेथे बसलेली मंडळी हा सोहळा चवीने पाहत.

पहिल्या वर्षी लास्त्रीबाई सणाच्या उंच टाचांच्या सँडलमध्ये चढल्या आणि घसरल्या. दुसऱ्या वर्षापासून त्यांचे वडील, म्हातारे मार्तो, यांनी आपण होऊन एक व्यवस्था केली. त्या दिवशी सकाळपासून ते चौकीवर येऊन बसत, आणि त्यांच्या हातात निळ्या रबरी चपलांचा एक जुना जोड असे. जावयाची गाडी दिसली, की ते एक अक्षरही न बोलता तो जोड रस्त्याच्या कडेला, टाचा आपल्याकडे आणि अंगठे चढाकडे करून, नीट मांडून ठेवीत. म्हाताऱ्याने चार शिव्या दिल्या असत्या तर प्रस्तोवोंनी त्या सोसल्या असत्या. मांडून ठेवलेल्या चपला त्यांना सोसत नसत.

या वर्षी रमजान अर्धा सरला असताना, इफ्तारीचे गोड सरबत पुढ्यात घेऊन लास्त्रीबाई म्हणाल्या, "अहो, यंदा मी नुग्रोहोच्या गाडीतून जाते."

नुग्रोहो हे प्रस्तोवोंचे साडू. सेमारांगला फरश्यांचा व्यापार. चार चाके, आत थंड हवा, आणि दर वर्षी चढाशी काच खाली करून "दादा, सामान तरी टाका आमच्यात," असे विचारण्याची जीवघेणी सवय.

"आणि मी?" प्रस्तोवोंनी विचारले.

"तुम्ही या की मागून. एकट्याला ओढते ना तुमची गाडी?"

"लोक काय म्हणतील?"

"लोकांचं सहा वर्षं म्हणून झालंय. आणि गुडघा माझा दुखतो, लोकांचा नाही."

या वाक्याने प्रस्तोवोंच्या अंतःकरणात जे पेटले, ते सरबताने विझण्यासारखे नव्हते. हातातील खजूर तसाच वर धरून त्यांनी प्रतिज्ञा केली, "लास्त्री, यंदा तू माझ्याच गाडीवरून वर जाशील. बसून. दोन्ही पाय वर घेऊन."

"आधी तो खजूर खा," लास्त्रीबाई म्हणाल्या. "पण बरं. ईदच्या दिवसापर्यंत थांबते. नाही जमलं तर नुग्रोहोला फोन करते."

दुसऱ्या दिवशी कार्यालय सुटताच प्रस्तोवोंनी आपली एकवीस वर्षांची, शंभर सीसीची मोटरसायकल गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मास तोपो यांच्या गॅरेजात नेली. मास तोपो हे चाळिशीचे, मितभाषी कारागीर. त्यांनी गाडी चालू केली, बंद केली, एक पुर्जा काढून उजेडाकडे धरला आणि दुःखद बातमी देताना डॉक्टर जसे मान हलवतात तशी हलवली.

"कार्बुरेटर गेला, पाक. आतली सुई झिजलीय. आता दुरुस्त नाही व्हायचा. बाहेरचा बसवा."

कार्बुरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा यांचा निकाह लावणारा काझी होय. दोघांना योग्य प्रमाणात एकत्र आणणे एवढेच त्याचे कर्तव्य. परंतु तो म्हातारा झाला की कधी नवऱ्याला विसरतो, कधी नवरीला, आणि संसार चढावर बंद पडतो. प्रस्तोवोंना हे पटले. नवा आणावा आणि मोकळे व्हावे, इतकी साधी ती गोष्ट होती. परंतु वेळ चुकली.

रमजानच्या महिन्यात अस्रच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजापासून सूर्यास्तापर्यंतचा काळ मनुष्याच्या कसोटीचा असतो. खाता येत नाही, पिता येत नाही, ओढता येत नाही. उरते एकच गोष्ट, ती म्हणजे दुसऱ्याला सल्ला देणे. त्यामुळे त्या वेळी तोपोंच्या गॅरेजासमोरील बाकावर गल्लीतील समस्त भुकेले पुरुष जमलेले असत, आणि त्यांच्या अग्रस्थानी गल्लीप्रमुख पाक जुमादी बसलेले असत.

"अठ्ठावीसचा बसवा!" पाक जुमादी गरजले. अठ्ठावीस म्हणजे कार्बुरेटरच्या तोंडाची मापे मिलिमीटरमध्ये मोजतात त्यांतील बरेच मोठे माप. "मूळचा तुमचा केवढा? अठराचा. अहो, अठराच्या तोंडानं तुम्हीसुद्धा जेवू शकणार नाही. तोंड मोठं, घास मोठा, ताकद मोठी!"

भुकेल्या सभेला घासाचा हा दृष्टांत अत्यंत भावला. सर्वांनी माना डोलावल्या.

"सव्वीसचा घ्या," तोपो हळूच म्हणाले. "पंपवाला. रेस दिली की आत पेट्रोलची पिचकारी मारतो. चढावर उडी घेते गाडी."

"पिचकारी कसली मारताय! मी तरुणपणी शर्यतीत पळवलीय गाडी. अठ्ठावीस!"

आता येथे प्रस्तोवोंच्या स्वभावाविषयी दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. ते जातिवंत जावानीज असल्यामुळे अत्यंत भिडस्त होते. त्या भूमीत वडीलधाऱ्याच्या तोंडावर 'नाही' म्हणणे हे ताट भिरकावण्यासारखे समजतात. म्हणून समोरच्याने काहीही सुचवले तरी किंचित वाकून "होय, होय" म्हणायचे असते. त्याचा होकाराशी संबंध असेलच असे नाही. प्रस्तोवो पाक जुमादींकडे वळून वाकले आणि म्हणाले, "होय, होय." मग मास तोपोंकडे वळून वाकले आणि म्हणाले, "होय, होय." आणि घरी आले.

संध्याकाळी पाक जुमादी एक मखमली पिशवी घेऊन दारात हजर झाले. पिशवीत अठ्ठावीसचा कार्बुरेटर होता. तीस वर्षांपूर्वीच्या शर्यतीतला, चांदीच्या भांड्यासारखा घासून लख्ख केलेला. "वापरा," ते सद्गदित होऊन म्हणाले. "मुलाला दिला नाही, तुम्हाला देतोय." ते जाऊन पाच मिनिटे होतात तोच मास तोपोंचा निरोप आला, की सव्वीसचा पंपवाला मागवलेला आहे, तुमच्यासाठी म्हणून.

प्रस्तोवोंनी दोन्ही वेळा काय उत्तर दिले असेल, ते सांगण्याची आवश्यकता नाही.

प्रथम मानाने अठ्ठावीस बसला. त्याचे तोंड इतके मोठे होते की हवेची जाळी त्याला बसेना. तो तसाच उघड्या तोंडाने राहिला. परिणामी गाडी चालू होताच असा आवाज निघाला, की समोरच्या घरातील पिंजऱ्यातला गाणारा पक्षी जो गप्प झाला तो आठवडाभर बोलला नाही. सपाट रस्त्यावर गाडी बाणासारखी जाई, हे नमूद केले पाहिजे. परंतु जागेवरून हलताना ती आधी घुसमटे, मग शिंके, मग दोनदा विचार करी. सिग्नल हिरवा झाला की मागचे सर्व लोक पुढे जात, आणि सिग्नल पुन्हा लाल झाला की प्रस्तोवो निघत.

तिसऱ्या दिवशी प्रभाग कार्यालयात एक लेखी तक्रार आली. 'आमच्या गल्लीत एका दुचाकीच्या कर्कश आवाजामुळे उपवास करणाऱ्या नागरिकांची दुपारची झोप मोडत असून संबंधितास समज द्यावी.' खाली सही गल्लीप्रमुख जुमादी यांची. दुचाकीचा क्रमांक वाचताना प्रस्तोवोंना तो ओळखीचा वाटला. तो त्यांचाच होता.

ते तसेच गल्लीप्रमुखांकडे गेले. "पाक, ही तक्रार..."

"मग? बारा घरांतून लोक आले माझ्याकडे," पाक जुमादी शांतपणे म्हणाले. "कार्बुरेटर मी शेजारी म्हणून दिला. तक्रार प्रमुख म्हणून केली. घरची गोष्ट वेगळी, कामाची वेगळी. तुम्हाला मी काय सांगणार, तुम्ही सरकारी माणूस!"

प्रस्तोवो हे खरोखरच सरकारी मनुष्य होते. नियमाप्रमाणे समजपत्र तयार करणे हे आवक-जावक लिपिकाचे काम. ते त्यांनी केले. 'श्रीयुत प्रस्तोवो यांस कळविण्यात येते की' येथपासून 'अन्यथा पुढील कारवाई करण्यात येईल' येथपर्यंतचा मजकूर त्यांनी स्वहस्ते टंकित केला. जावक क्रमांक घातला. शिक्का मारला. समजपत्र घरपोच द्यावे असा नियम असल्याने सायंकाळी ते घेऊन घरी गेले, दार वाजवले, आत कोणी नसल्याने स्वतःच्या किल्लीने दार उघडून आत गेले, ते पत्र स्वीकारले आणि पोचपावतीवर सही केली. तीन दिवसांत खुलासा देणे बंधनकारक होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी दीड पानी खुलासा सादर केला, आवक नोंदवहीत चढवला आणि अभिप्रायासाठी प्रभागप्रमुख बाईंच्या टेबलावर ठेवला. बाईंनी वाचून समासात लिहिले: 'खुलासा समाधानकारक नाही.'

पंधरा वर्षांच्या नोकरीत प्रस्तोवोंच्या कागदावर असा शेरा प्रथमच पडला होता. त्याच सायंकाळी ते गाडी घेऊन थेट तोपोंच्या गॅरेजात गेले.

अठ्ठावीस उतरला. त्याच्या जागी सव्वीसचा पंपवाला बसला. त्याचा आवाज सौम्य होता आणि तो जागेवरून खरोखर उडी घेई. मात्र प्रत्येक उडीला टाकीतून पेट्रोल असे जाई, की जणू खाली भोक पडले आहे. ते असो. खरा प्रश्न चढाचा होता, आणि त्यासाठी प्रयोग करणे आवश्यक होते. प्रयोगासाठी मागच्या सीटवर पत्नीइतके वजन हवे. आणि पत्नीला वजन विचारणे हे किती धोक्याचे आहे, हे प्रस्तोवो जाणून होते; म्हणून त्यांनी आपल्या मनाने अंदाज बांधला, आणि पन्नास किलो तांदळाचे एक पोते व त्यावर दहा किलोचे दुसरे, अशी दोन पोती मागच्या सीटवर दोरीने आवळली.

नेमक्या त्याच वेळी लास्त्रीबाई बाहेर आल्या.

"एवढे तांदूळ? कोणाकडे देऊन यायचेत?"

"नाही, ते... चाचणीसाठी आहेत. म्हणजे मागे कोणी बसलं तर..."

लास्त्रीबाईंनी पोत्यावरचा आकडा वाचला. मग दुसऱ्या पोत्यावरचा वाचला. ओठ न हलवता बेरीज केली.

"साठ?" त्या म्हणाल्या.

त्यानंतर दोन दिवस त्या घरात इफ्तारीला फक्त चमच्यांचा आवाज होता.

तांदूळरूपी पत्नीस घेऊन प्रस्तोवो रविवारी सकाळी डोंगराकडे निघाले. वातुलावांगपर्यंत जाण्याचे धैर्य त्यांना नव्हते, कारण सासरे पाहतील. म्हणून त्याच रस्त्यावर दोन गावे अलीकडे, तसाच एक चढ त्यांनी निवडला होता. गाडी खाली उत्तम चालली. परंतु जसजसे वर जावे तसतसा मागून काळा धूर निघू लागला. निवडलेल्या चढाच्या मध्यावर गाडी खोकली. प्रस्तोवोंनी रेस दिली. पंपाने पिचकारी मारली. गाडी आणखी खोकली, आणि मग 'फुस्स' असा, सहा वर्षांच्या परिचयाचा तो आवाज झाला. मागे साठ किलो तांदूळ, पुढे चढ, आणि उपवासाने सुकलेला घसा. प्रस्तोवो ब्रेक दाबून उभे राहिले. उतरावे तर गाडी मागे जाईल, न उतरावे तर किती वेळ?

तेवढ्यात खालून एक मोटरसायकल आली. तीही शंभर सीसीची, तीही म्हातारी. दोन्ही बाजूंस बांबूच्या टोपल्या, त्यांत खताची चार पोती, पोत्यांवर एक गॅसची टाकी, आणि या सर्वांच्या पुढे गोणपाटासारखे जाकीट घातलेली एक बाई. गाडी 'टुक टुक टुक' करीत, न घाई न दमणूक, प्रस्तोवोंच्या शेजारी आली आणि थांबली. ती बू पारिनेम होती. रोज पहाटे डोंगरावरून कोबी आणि गाजरे घेऊन उतरणारी, आणि गल्लीतील प्रत्येक दारात ती विकणारी. गेली नऊ वर्षे पाक प्रस्तोवो तिच्याकडून भाजी घेत होते. तिची गाडी डोंगर चढते, ही गोष्ट गल्लीतील एकाही पुरुषाच्या ध्यानात आलेली नव्हती.

"अगं बाई, पाक प्रस्तोवो! तांदूळ विकायला काढलेत काय डोंगरात?"

"नाही, बू. गाडी जरा..."

"जरा काय, मेलीय ती." तिने उतरून चाकामागे दगड लावला, वाकून वास घेतला आणि नाक मुरडले. "पेट्रोलात बुडालाय प्लग. कोणी बसवला हा?"

"मास तोपोंनी. त्याआधी पाक जुमादींचा अठ्ठावीस होता."

"अठ्ठावीस!" बू पारिनेम इतकी हसली की गॅसची टाकी हलली. "पाक, एक सांगा. तुम्हाला वर चढायचंय, की पळायचंय?"

इतक्या सभा झाल्या, परंतु हा प्रश्न कोणीही विचारला नव्हता.

"पळायचं असलं तर मोठं तोंड. चढायचं तर लहान," ती म्हणाली. "आणि वर हवा पातळ असते. खाली जेवढं पेट्रोल लागतं तेवढंच वर पाजलंत, तर हवेला ते पेलवत नाही. मग धूर ओकते, मग बसते. तुमचे शहरातले सगळे खाली बसून वरचा चढ चढतात. चला घरी माझ्या. नवऱ्यानं बाजारातून दोन आणले होते, एक पडून आहे."

तिचे घर वातुलावांगच्याही वर, कोबीच्या शेतात होते. वाटेतला तो प्रसिद्ध चढ प्रस्तोवोंनी गाडी ढकलीत पार केला. तांदूळ बू पारिनेमने दोन खेपांत नेले. चौकी त्या वेळी रिकामी होती, ही ईश्वराची कृपा. अंगणात बसून तिने एका पेचकसाने आणि एका जेवणाच्या चमच्याने सव्वीस काढला आणि आपल्याजवळचा बसवला. तो बावीसचा होता. दिसायला अगदी सामान्य. त्यावर कंपनीचे नावसुद्धा नव्हते. आत पेट्रोल सोडणारी पितळेची बारीक तोटी असते, जिला जेट म्हणतात, तीही तिने डबीत शोधून आणखी लहान घातली. मग एक स्क्रू पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे, आणि कान लावून बसली.

"काय ऐकता, बू?"

"भात मंद आचेवर कसा बोलतो, तसं बोलायला हवं. अजून उतू जातंय." तिने केसभर फिरवले. "हां. आता बोललं."

प्रस्तोवोंनी साठ किलो तांदूळ मागे बांधले, चढाच्या पायथ्याशी गेले, आणि वर आले. पुन्हा गेले, आणि पुन्हा वर आले. तिसऱ्यांदा ते केवळ आनंदासाठी गेले.

परंतु आनंदासोबत एक संकटही त्या गाडीवर बसून खाली आले. पाक जुमादी दोन दिवसांपूर्वीच म्हणाले होते, "समजपत्राचं मनावर घेऊ नका. ईदला सासुरवाडीस जाताना माझाच लावा." मास तोपो रोज विचारीत, "पंप कसा चाललाय?" दोघांनाही वाकून "होय, होय" असे उत्तर मिळालेले होते. आता त्यांना कोणत्या तोंडाने सांगावे, की मानाच्या अठ्ठावीसला आणि मागवलेल्या सव्वीसला मागे टाकून एका भाजीवालीचा निनावी बावीस गाडीवर विराजमान झाला आहे?

म्हणून उरलेले पाच दिवस गाडी अंगणात असली की रेनकोट पांघरून उभी राही, आणि गल्लीतून जाताना प्रस्तोवो आपला गुडघा अशा खुबीने पुढे काढीत की कार्बुरेटर झाकला जाई. "आवाज कमी झाला की हो!" पाक जुमादी एकदा संशयाने म्हणाले. "आपल्या तक्रारीचा परिणाम, पाक," प्रस्तोवो उत्तरले, आणि ही गोष्ट त्यांनी इतक्या आदराने सांगितली की गल्लीप्रमुख भारावून गेले. राहिलेले दोन कार्बुरेटर त्यांनी घरात जिथे कोणी पाहणार नाही अशा जागी, तांदळाच्या पोत्यात खोल पुरून ठेवले.

ईदच्या आदल्या दिवशी गरिबांसाठी मशिदीत द्यायचे तांदूळ मोजताना लास्त्रीबाईंच्या हाताला अठ्ठावीस लागला. मागोमाग सव्वीस लागला. दोन्ही परातीत ठेवून त्यांनी पतीस हाक मारली. दोन दिवसांच्या मौनानंतर त्या केवळ कामापुरते बोलत होत्या. आज प्रथमच त्यांच्या डोळ्यांत हसू होते.

"साठ भरत नव्हते म्हणून हे घातलंत का?"

मग प्रस्तोवोंनी सर्व हकिकत सांगितली. लास्त्रीबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतली.

"म्हणजे पारिनेमनं सांगितलं ते खरं निघालं?"

"तंतोतंत."

"ती माझ्याकडे गेल्या वर्षीच म्हणाली होती, तुमच्या गाडीत काहीतरी बिघडलंय म्हणून."

"मग तू मला बोलली नाहीस?"

"तुम्ही विचारलंत का?"

नुग्रोहोंना फोन मात्र त्या संध्याकाळी झाला नाही. प्रस्तोवो हे पाहत होते.

ईदची सकाळ उजाडली. नमाज आटोपल्यावर गल्लीतील सर्व जण ओळीने उभे राहिले आणि प्रथेप्रमाणे प्रत्येकाने प्रत्येकाचे हात हाती घेऊन कळत-नकळत घडलेल्या अपराधांची क्षमा मागितली. अपराध कोणता, हे सांगायचे नसते, आणि विचारायचेही नसते. या प्रथेतील थोर शहाणपण प्रस्तोवोंच्या ध्यानी त्या दिवशी पूर्णपणे आले. पाक जुमादींचे हात त्यांनी दोन्ही हातांनी धरले.

"पाक, क्षमा करा. जे दिसलं त्याची, आणि जे झाकलेलं होतं त्याचीही."

"अहो, दिली, दिली! एवढं काय!" गल्लीप्रमुखांचे डोळे पाणावले. "माझीही चूक पोटात घाला. ती शर्यत... मी त्या शर्यतीत शेवटचा आलो होतो."

पुढे मास तोपो उभे होते. प्रस्तोवो तोंड उघडणार तोच तेच पुटपुटले, "मला माफ करा, पाक. माझ्या स्वतःच्या गाडीला अठराचाच आहे. मूळचाच."

दोघांनी एकमेकांचे हात बराच वेळ सोडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी, ईदचे नवे कपडे घालून, लास्त्रीबाई मागे बसल्या. पायांत त्याच उंच टाचांच्या सँडल. मांडीवर बिस्किटांची बरणी. वातुलावांगच्या चढाच्या अलीकडे नुग्रोहोंची गाडी मागून येऊन ठेपली, आणि काच खाली झाली.

"ताई, या आत. दादा, तुम्ही—"

"सरळ चला हो," लास्त्रीबाई पतीच्या पाठीत बोट खुपसून म्हणाल्या.

चौकी भरलेली होती. ओळीने सात-आठ जण, आणि कडेला म्हातारे मार्तो. त्यांनी जावयाची गाडी पाहिली, उठले, खाली वाकले, आणि निळ्या चपला रस्त्याच्या कडेला मांडल्या. टाचा आपल्याकडे, अंगठे चढाकडे.

प्रस्तोवोंनी गिअर उतरवला. आत भात मंद आचेवर बोलत होता. गाडी चपलांजवळ आली. चौकीतील एक जण सवयीने बाजूला सरकला, उतरणाऱ्यास जागा हवी म्हणून. गाडी चपलांजवळून पुढे गेली. थांबली नाही. म्हातारे मार्तो वाकलेल्या अवस्थेत तसेच राहिले. लास्त्रीबाईंनी वळून, बरणी सांभाळून, वडिलांना हात केला.

चढाचा मध्य आला. 'टुक टुक टुक.' जिथे दर वर्षी फुस्स होई ती फणसाच्या झाडाची जागा आली आणि मागे गेली. मागून नुग्रोहोंची चारचाकी येत होती. रस्ता अरुंद असल्यामुळे तिला पुढे जाता येत नव्हते, आणि प्रस्तोवोंना घाई नव्हती. त्यांना पळायचे नव्हते, चढायचे होते. खाली चौकीत कोणीतरी टाळी वाजवली, मग सर्वांनीच वाजवल्या.

माथ्यावर येऊन गाडी थांबली. प्रस्तोवोंना मागे पाहण्याचे धैर्य होईना. सहा वर्षांत प्रथमच पत्नी त्यांच्या मागे त्या जागी बसलेली होती. तिच्या श्वासाचा आवाजसुद्धा चढलेला नव्हता.

"अठ्ठावन्न," लास्त्रीबाई म्हणाल्या.

"काय?"

"मी अठ्ठावन्न किलो आहे. दोन किलो तुम्ही उगीच वाहिलेत." आणि त्यांनी पतीच्या खांद्यावर हात ठेवला, तो उतरेपर्यंत काढला नाही.

एवढ्यात लास्त्रीबाईंना वडिलांची आठवण झाली. "अहो! बापाक खालीच राहिले!"

प्रस्तोवो लगेच गाडी वळवून खाली गेले. म्हातारे मार्तो तेथेच उभे होते, चपला पुन्हा हातात घेऊन. ते सत्तर पार केलेले गृहस्थ. गेली पाच वर्षे मुलीसोबत चालत वर जात आले होते. आज मुलगी गाडीवरून गेली, आणि त्यांना सोबत कोणी उरले नव्हते.

"बसा, बापाक," प्रस्तोवो म्हणाले.

म्हाताऱ्याने गाडीकडे पाहिले, चढाकडे पाहिले, चौकीतील मंडळींकडे पाहिले. मग लुंगीसारखे नेसलेले सरोंग सावरून ते मागे बसले. अर्ध्या चढावर ते म्हणाले, "सावकाश." फणसाच्या झाडाजवळ म्हणाले, "कोणता बसवलास?"

"बावीसचा, बापाक. बू पारिनेमचा."

"तिचाच बसवायचा होतास पहिल्यापासून," म्हातारे मार्तो म्हणाले. "मला वाटलं तू सरकारी माणूस, तुला ठाऊक असेल."

वर पोहोचल्यावर त्यांनी चपलांचा तो निळा जोड काही वेळ हातात फिरवून पाहिला, आणि जावयाच्या हातात दिला. या वेळी अंगठे चढाकडे नव्हते, प्रस्तोवोंकडे होते.

हल्ली त्या चपला प्रस्तोवोंच्या बैठकीत, पंधरा वर्षांच्या सेवेच्या मानपत्राशेजारी, खिळ्याला टांगलेल्या आहेत. पाक जुमादी येतात, चपलांकडे समाधानाने पाहतात आणि म्हणतात, "शेवटी अठ्ठावीसनंच नेलं ना वर?" मास तोपो येतात आणि म्हणतात, "पंपच लागतो चढाला." प्रस्तोवो किंचित वाकून दोघांनाही "होय, होय" म्हणतात. आणि रोज सकाळी कोबीच्या टोपल्या दारात थांबल्या, की लास्त्रीबाई बाहेर येण्याच्या आत ते स्वतः पुढे होऊन विचारतात, "बू, आज काय घ्यावं?" आणि ती जे सांगेल तेच घेतात.